पूजेच्या डब्यातलं नाणं घासलेलं आहे का?



दिवाळी जवळ आली की वहीपूजनाचा डबा माळ्यावरून खाली येतो. बऱ्याच घरांत त्यात आजेसासूबाईंच्या काळची दहापाच तांब्याची नाणी असतात. देवाची उपकरणी घासायला काढली की तीही चिंचेच्या कोळात पडतात. यंदा ती कोळात टाकण्याआधी हे वाचा.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला नाण्यांचा इतिहास फार जुना आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं नाव येतं. तिथला माल भडोच बंदराकडे जाई, आणि त्याच बंदरात परदेशातून तांबं, कथील आणि शिसं उतरत असे. १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजेच तेर, असं दाखवून दिलं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनांची नाणी आहेत. पुढे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवराई आली. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून आपल्या डब्यांत शिवराईशेजारी फारसी अक्षरांचे हैदराबादी पैही सापडतात.

तांब्याचा स्वभाव आपल्याला स्वयंपाकघरातून माहीत आहे. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. नाण्याचंही हवेशी, ओलाव्याशी आणि हाताच्या घामाशी असंच काहीतरी चालू असतं. आधी तांबूस-तपकिरी थर येतो, मग तो काळपट होतो. जमिनीत पुरलेलं असेल तर वर हिरवा थर चढतो. हा थर मळ नव्हे, तो नाण्याच्याच धातूपासून बनलेला असतो. आंबटात तो विरघळतो, तेव्हा नाण्याचा वरचा पदराच आपण धुऊन टाकत असतो.

आता ओळखायचं कसं? नाणं कडेने धरा, खिडकीजवळ जा आणि भिंग घ्या.

पहिलं, रंग. हातोहात फिरलेल्या नाण्यावर अक्षरांचे उंचवटे फिकट आणि खोलगट भाग गडद असतो. घासलेलं नाणं सगळीकडे एकसारखं गुलाबी, नव्या ताम्हनासारखं दिसतं. काही महिन्यांनी काळवंडलं तरी डागाडागांनी काळवंडतं.

दुसरं, ओरखडे. नाणं तिरक्या उजेडात फिरवा. वापराचे ओरखडे आडवेतिडवे, कमीजास्त खोल असतात. ब्रशचे किंवा राखेचे ओरखडे बारीक, एकाच दिशेचे असतात आणि अक्षरांवरून तसेच पुढे जातात.

तिसरं, कोपरे. अक्षरांच्या कडेला हिरवा-काळा थर शिल्लक आणि बाकी सगळं लख्ख, म्हणजे ब्रश तिथे पोचला नाही.

चौथं, पोत. आम्लात बुडवलेल्या नाण्याला बारीक छिद्रं पडतात. पण जमिनीत राहिलेल्या नाण्यालाही तशी छिद्रं असतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

पाचवं, नकली जुनेपणा. घासून चकचकीत झालेलं नाणं विकायचं म्हणून काहीजण त्याला रसायनाने किंवा पॉलिशने पुन्हा काळं करतात. तो काळेपणा उंचवट्यावर आणि खाचेत सारखाच असतो. कधी कापसाच्या बोळ्यावर उतरतोही.

मी कॉमर्सची. आम्हाला शिकवलं होतं, वहीतली नोंद चुकली तरी खोडायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची. नाण्यावरचा थर ही काळाने केलेली नोंद आहे. नाणं किती फिरलं, पुरलेलं होतं का, हे त्यावरून कळतं. खाडाखोड केलेल्या वहीसारखीच घासलेल्या नाण्याचीही साक्ष उणी पडते आणि संग्राहक त्याला कमी किंमत देतात.

किमतीहून मोठी गोष्ट आपल्या व्रताची आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे बनावट माल अस्सल म्हणून खपवणं. घासून पुन्हा काळं केलेलं नाणं ‘जसंच्या तसं जुनं’ म्हणून विकणं यातच मोडतं. घासलेलं नाणं घरात असणं यात मात्र दोष नाही. घेणाऱ्याला, किंवा वाटणीत लेकीसुनांना देताना, ‘हे घासलेलं आहे’ एवढं सांगितलं की झालं.

मग नाणी ठेवायची कशी? मऊ ब्रशने सुकी धूळ झाडा. चिंच, लिंबू, मीठ आणि पावडर लांब ठेवा. मिठाचा अंश छिद्रांत राहिला की नाणं आतून कुरतडत जातं. फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं वेगळं काढून जाणकाराला दाखवा. प्रत्येक नाणं कागदाच्या पाकिटात ठेवा आणि ते कुणाकडून आलं ते वर लिहा. आणि हो, शेतात नाणी सापडली तर ती आपली म्हणून ठेवायची नाहीत. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं.

कलश आणि ताम्हन खुशाल लख्ख घासा. नाण्यांना पूजेत हळदकुंकवाऐवजी शेजारी एक फूल वाहा, तेवढं पुरे.

जय जिनेंद्र.