शीण अंगाचा की मनाचा?

‘फार शीण आला गं बाई’ हे शब्द आपल्या सिन्नरात कानी पडले नाहीत असा दिवस जात नाही. दिवसभर विड्या वळून मान अवघडलेली बाई ते म्हणते, पाण्याचे हंडे वाहणारी म्हणते, शेतावरून परतलेलीही म्हणते. हा शीण कष्टाचा. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून चालत आलेली माउली आपल्या गावी चार घास खाऊन निजली की पहाटे ताजीतवानी होऊन पुन्हा वाट चालू लागते. परंतु विसाव्याने न जाणारा शीणही असतो, आणि तो एकाच जातीचा नसतो. कधी तो अंगाचे दुखणे असतो, कधी मनाचे. या दोहोंची गल्लत होऊन बायकांवर कसा अन्याय झाला, त्याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांना हा भेद अगदीच अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत श्रम न करताच येणाऱ्या थकव्याला ‘क्लम’ असे निराळे नाव दिले आहे. चरकाने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले. पुढे मात्र हा विवेक राहिला नाही.

आता लंडनची हकीकत ऐका. तेथील रॉयल फ्री रुग्णालयाशी आपला जुना ऋणानुबंध आहे. बालपणी झालेला विवाह मानण्यास नकार देऊन कोर्टात झगडलेल्या रखमाबाई विलायतेस गेल्या व १८९४ साली डॉक्टर झाल्या. त्या ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, तिच्या विद्यार्थिनींना रोग्यांच्या खाटेशेजारचे शिक्षण याच रुग्णालयात मिळे.

१९५५ च्या जुलैत या रुग्णालयात एक चमत्कारिक साथ आली. रोगी राहिले बाजूला, सेवा करणारेच आजारी पडू लागले. घसा दुखणे, डोके दुखणे, चक्कर, स्नायूंत कळा आणि विलक्षण अशक्तपणा. एकंदर २९२ कर्मचारी आजारी झाले. त्यांत परिचारिका व इतर स्त्रियांचा भरणा मोठा होता. रुग्णालय दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. (रखमाबाई निवर्तल्या त्याही याच वर्षी, सप्टेंबरात.) त्यांतील काहीजणींना पुढे कित्येक दिवस पूर्वीची ताकद आली नाही. डॉक्टरांनी यास मेंदूचे व स्नायूंचे दुखणे मानून तसे नावही दिले.

पंधरा वर्षांनी, १९७० साली, मॅकएव्हडी व बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले की, ही साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता. आजारी पडलेल्यांत बायका फार, हेही त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते! त्यांनी जुने कागद चाळले. त्या बायकांना समोर बसवून तपासले मात्र नाही. यानंतर असे दुखणे घेऊन येणाऱ्या बाईला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून परत जावे लागे. १९८८ साली अमेरिकेत या आजाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव मिळाले, तरी ‘थकवा काय, सर्वांनाच येतो’ अशी थट्टा चालूच राहिली. २०१५ साली तेथील तज्ज्ञांच्या समितीने स्पष्ट सांगितले की हा शरीराचा गंभीर आजार आहे.

ही झाली एक चूक, अंगाचे दुखणे मनावर ढकलण्याची. दुसरी नेमकी उलटी आहे, आणि ती आपल्या शेजारी गोव्यात उघडकीस आली.

डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत १८ ते ५० वर्षांच्या सुमारे अडीच हजार बायकांची विचारपूस केली. शंभरांत बाराजणींनी सहा महिने वा त्याहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. बाई थकली म्हणजे रक्त कमी, लोहाच्या गोळ्या द्या, ही आपली नेहमीची रीत. परंतु येथे रक्ताच्या प्रमाणाशी थकव्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो उदासी व काळजीशी, घरच्या कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या जुलमाशी, वैधव्याशी. हा निबंध २००५ साली त्याच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. याचा अर्थ रक्त तपासू नये असा नव्हे. ते अवश्य तपासावे, थायरॉईड व साखरही पाहावी. पण जिचे मन पोळले आहे तिला नुसती गोळी देऊन भागत नाही. या सगळ्या बायकांना वर सांगितलेला आजार होता असेही समजू नये. थकवा हे लक्षण; त्यामागची कारणे अनेक.

मग दोहोंत फरक कसा ओळखावा? खिन्नतेच्या आजारात इच्छाच मरते. सणाचा आनंद वाटत नाही, लेकरू जवळ आले तरी नकोसे होते, आपण कुचकामी असे वाटते, जिवाचे बरेवाईट करावे असे विचार येतात. दोन आठवडे असे चालले तर दुखणे समजावे. दुसऱ्या आजारात इच्छा असते, पण अंग साथ देत नाही. तो पुष्कळदा एखाद्या तापानंतर सुरू होतो. करोनाच्या साथीनंतरही तसे रोगी आढळले. त्याची मोठी खूण ही की, थोडे काम केले तरी त्याच दिवशी किंवा एकदोन दिवसांनी दुखणे उसळते, आणि झोपून उठले तरी झोप झाल्यासारखे वाटत नाही. खिन्न माणसाला हळूहळू कामात व माणसांत आणल्याने बरे वाटते; या दुसऱ्याला रेटून कामाला लावले तर अपाय होतो. म्हणूनच २०२१ साली इंग्लंडच्या वैद्यकीय मार्गदर्शनातून व्यायाम वाढवीत नेण्याचा जुना उपचार काढून टाकण्यात आला. शिवाय फार दिवस अंथरूण धरलेली बाई खिन्न होतेच; तेव्हा दोन्ही दुखणी एका घरी नांदू शकतात.

हे मला आधी कळले असते तर बरे झाले असते. माझी धाकटी जाऊ तापातून उठल्यावर वर्षभर अशीच होती. मी म्हणे, ‘ऊठ गं, कामाला लागलीस की बरे वाटेल.’ बिचारी उठे, धुणे धुई, आणि पुढचे दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडे. मी त्याला सोंग म्हटले. तिचे दुखणे कोणते हे ठरविणे माझे काम नव्हे. पण तो शब्द माझ्या तोंडून गेला, तो परत घेता येत नाही.

भगिनींनो, दोन्ही दुखणी नुसत्या रक्ताच्या तपासणीत सापडत नाहीत. ती सापडतात बाईचे बोलणे नीट ऐकून घेतल्याने. तेव्हा मंडळात एखादी सारखी गैरहजर राहू लागली तर ‘आळशी झाली’ म्हणू नका. तिच्या घरी जा, शेजारी बसा, विचारा: ‘इच्छा होत नाही, की अंग उचलत नाही?’ जे सांगेल ते डॉक्टरांच्या कानी घाला. मन फारच खचले असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते. औषध डॉक्टर देतील. विश्वास मात्र आपणच द्यावयाचा आहे.