कंत्राटदाराच्या नोंदणीची कुळकथा

सरकारी रस्ता, पूल, धरण किंवा इमारत बांधायला घेणाऱ्या व्यक्तीला वा कंपनीला आधी कंत्राटदार म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली म्हणजे काम मिळाले असे नव्हे. अमुक रकमेपर्यंतच्या कामाची निविदा भरायला हा कंत्राटदार पात्र आहे, एवढेच तिने ठरते. बांधकामाच्या कंत्राटदाराला देशभर चालेल असा एकच परवाना भारतात नाही. ज्याचे काम त्याची यादी, अशी इथली रीत आहे. राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, लष्करी बांधकामे पाहणारी मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेस, रेल्वे, महापालिका या साऱ्यांचे नियम आपापले आहेत. याखेरीज कंत्राटदाराच्या हलगर्जीपणाने दुसऱ्याचा जीव किंवा मजुरी धोक्यात येते, तिथे कायद्याने वेगळा परवाना लागतो. नोंदणी कंत्राटदाराची ऐपत पाहते आणि परवाना त्याच्यामुळे अडचणीत येऊ शकणाऱ्या माणसांचे रक्षण करतो. या दोन्हींची गरज एकोणिसाव्या शतकात बोरघाटातल्या रेल्वेकामावर उघड झाली.

कंपनी सरकारच्या काळात बांधकामे लष्करी मंडळांच्या ताब्यात होती. १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. त्याच वर्षी या खात्याला लागणारी दुय्यम माणसे तयार करण्यासाठी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला आणि त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले. काम करवून घेण्याच्या वाटा दोन होत्या. पहिल्या वाटेने सरकारी अभियंता स्वतः मजूर लावी, हजेरीपटावर त्यांची नावे चढवी आणि रोजंदारी वाटे. दुसऱ्या वाटेने दर ठरवून सगळे काम एखाद्या मक्तेदाराकडे सोपवले जाई. कामांचा पसारा वाढला तसा हजेरीपट अपुरा पडू लागला आणि मक्त्याची पद्धत रुळली.

रेल्वेने ही पद्धत एकदम मोठ्या प्रमाणावर आणली. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. तो फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी बांधला होता. जमशेटजी दोराबजी नायगमवाला या पारशी कंत्राटदारानेही ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची कामे घेतली. पुढे बोरघाट चढण्याचे काम निघाले तेव्हा ते विल्यम फॅव्हिएल याच्याकडे गेले आणि जानेवारी १८५६ मध्ये प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. ठाण्यापर्यंतचा मार्ग बहुतेक सपाटीचा होता. घाटात मात्र २५ बोगदे काळ्या कातळातून फोडायचे होते, दऱ्यांवर दगडी पूल उभारायचे होते, आणि हजारो मजुरांची मजुरी वेळच्या वेळी चुकती करायची होती. हे ओझे पेलले नाही. मजुरीच्या तक्रारींतून १८५९ च्या आरंभी मजुरांचा उद्रेक झाला आणि त्या वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतले, जाणते अभियंते व्यवस्थापक म्हणून नेमले आणि घाटमार्ग पुरा करून दिला. १८६१ मध्ये तिथे ४२,००० माणसे राबत होती. एप्रिल १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, घाटातला माऊ-की-मळीचा दगडी पूल कोसळला आणि इतर दगडी बांधकामांच्या दर्जाचीही चौकशी करावी लागली.

आजच्या नोंदणीच्या अर्जातले जवळजवळ प्रत्येक कलम बोरघाटाने विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर आहे. आधी केलेले काम या कामासारखे होते का? मजुरांना देण्यापुरता पैसा हाताशी आहे का? मुख्य माणूस गेला तर काम चालवणारे जाणकार आहेत का? बांधलेले टिकले नाही तर जबाबदारी कोणाची? मजुरीच्या प्रश्नावर कायदाही लगेच आला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मालक-मजूर तंटे झटपट निकालात काढण्यासाठी १८६० चा नववा कायदा झाला आणि थकलेल्या मजुरीचा निवाडा करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. मात्र त्याच कायद्यात करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. कंत्राटदारावर या कायद्याने कोणतीही पूर्वअट घातली नाही.

१८७२ च्या करार कायद्याने कंत्राटाला पक्का कायदेशीर आधार दिला. बांधकाम खात्याने छापील नमुने, दरसूची आणि मोजमापाची पुस्तके यांची घडी बसवली. महाराष्ट्रात बी-१ नमुन्यात कंत्राटदार अंदाजपत्रकी दरापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त घेणार ते लिहितो आणि बी-२ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरतो. निविदेसोबत बयाणा रक्कम भरायची असते. काम मिळाल्यावर माघार घेतली तर ती जप्त होते. काम सुरू झाले की सुरक्षा अनामत लागते. बिलांतून तिचा काही भाग कापला जातो आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे बांधकामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपेपर्यंत तो खात्याकडे राहतो. झालेले काम शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एमबी’त, नोंदवतो आणि त्यावरून चालू बिल निघते. पैशाने बांधून घेण्याची ही व्यवस्था नोंदणीइतकीच महत्त्वाची आहे. नोंदणीत माणसाची पारख होते, बयाणा आणि अनामत यांनी त्याचा शब्द बांधला जातो.

या व्यवसायाने समाजात नवी माणसेही वर आणली. महात्मा जोतीराव फुले पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून बांधकामाची कामे घेत. खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवणे, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मुंबईतल्या तेलुगूभाषक कंत्राटदारांनी फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला भक्कम पाठबळ दिले. ज्यांच्याकडे वतन नव्हते आणि ज्यांना कचेरीत जागा नव्हती, अशांनाही हिशेब, माणसे आणि कष्ट यांच्या बळावर कंत्राटदार होता येत होते. पात्रतेच्या अटी घालताना ही वाट बंद होऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत धोरणापुढे उभा आहे.

त्यावरचा तोडगा म्हणजे वर्गवारी. महाराष्ट्रात कंत्राटदारांची नोंदणी वर्गांत होते. सर्वांत वरच्या वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा नसते आणि खालच्या प्रत्येक वर्गाला कमाल रक्कम ठरवून दिलेली असते. अर्जासोबत बँकेचा ऐपतीचा दाखला, पूर्ण केलेल्या कामांबद्दल कार्यकारी अभियंत्याची प्रमाणपत्रे, स्वतःच्या यंत्रसामग्रीची आणि तांत्रिक माणसांची यादी, पॅन आणि जीएसटीची नोंदणी, आणि कंपनी असेल तर तिची घटना व संचालकांची नावे लागतात. नोंदणी ठरावीक मुदतीची असते. नूतनीकरणाच्या वेळी मधल्या काळात केलेले काम पाहिले जाते. लहान कामे करत, प्रमाणपत्रे जमवत वरच्या वर्गात चढायचे, असा हा क्रम आहे.

मात्र पहिले काम अनुभवाशिवाय मिळत नाही आणि कामाशिवाय अनुभव मिळत नाही. ही कोंडी फोडायला महाराष्ट्राने सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. ठरावीक रकमेच्या आतली कामे तीन वाट्यांत विभागली जातात. ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या कंत्राटदारांना मिळतात. वाटप काम वाटप समिती करते. मजूर संस्थेच्या नावावर दुसराच कोणी काम करू लागला तर या सवलतीचा हेतूच फसतो, म्हणून संस्थेचे सभासद खरोखर अंगमेहनत करणारे मजूर असावेत ही अट कळीची ठरते.

मोठ्या कामांना नुसती नोंदणी पुरत नाही, प्रत्येक निविदेत पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये यासाठी मोजमापे सुचवली. गेल्या सात वर्षांत अंदाजित किमतीच्या ४० टक्के रकमेची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक अशी ‘तशाच स्वरूपाची’ कामे पूर्ण केलेली असावीत. ‘तशाच स्वरूपाची’ या अटीवर सर्वाधिक भांडणे होतात. इमारत बांधणाऱ्याला पूल बांधता येईलच असे नाही, हे तिच्यामागचे कारण आहे आणि ते रास्त आहे. मात्र अट मुद्दाम अरुंद केली की तिच्यातून एकच निविदाकार आत येऊ शकतो. म्हणून अट कामाच्या स्वरूपावरून निघाली आहे की मर्जीतल्या माणसाकडे पाहून, हे तपासणे अटीइतकेच गरजेचे आहे.

दुसरे मोजमाप निविदा-क्षमतेचे. हातात आधीच कामे असलेला कंत्राटदार आणखी किती काम पेलेल, हे एका सूत्राने काढतात. गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत मोठ्या वार्षिक उलाढालीला नव्या कामाच्या मुदतीने, म्हणजे वर्षांच्या संख्येने, गुणायचे आणि त्याला पुन्हा एका ठरावीक अंकाने, बहुधा २ ने, गुणायचे. आलेल्या रकमेतून त्या मुदतीत उरकायची हातातली कामे वजा करायची. समजा, एखाद्या कंपनीची सर्वांत मोठी वार्षिक उलाढाल ४ कोटी रुपये आहे आणि नवे काम दीड वर्षाचे आहे. चार गुणिले दीड गुणिले दोन म्हणजे १२ कोटी. हातात ७ कोटींची कामे शिल्लक असतील तर क्षमता उरते ५ कोटी. नवे काम ६ कोटींचे असेल तर कागदपत्रे कितीही चोख असली तरी ती निविदा अपात्र ठरते. रस्ते अर्धवट उकरून ठेवून कंत्राटदार दुसऱ्या गावी निघून गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या साध्या गुणाकाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परवान्याची पहिली शाखा मजुरांपासून निघाली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने २० किंवा अधिक कामगार लावणाऱ्या कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावी आणि नंतर त्याच्याकडून वसूल करावी, अशी तरतूदही केली. दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरून १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने हा मुद्दा आणखी ठाम केला. कामगार कंत्राटदाराचे आहेत असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत आणि किमान वेतनाहून कमी पैशात काम करवून घेणे ही वेठबिगारी आहे, असे न्यायालयाने सांगितले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला नोंदणी आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर लावला. त्या पैशातून कामगार कल्याण मंडळाच्या योजना चालतात. महाराष्ट्राचे मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कंत्राटदाराच्या परवान्याची मर्यादा ५० कामगारांवर गेली आहे. त्यामुळे छोट्या कंत्राटदाराची कागदपत्रे कमी होतात. पण त्याच्याकडचा मजूर सर्वांत असुरक्षित असतो आणि तोच परवान्याच्या कक्षेबाहेर जातो.

दुसरी शाखा विजेची. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने वीजजोडणीचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच आणि सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे असे बंधन घातले. भिंतीत दडलेल्या तारेची चूक घरमालकाला दिसत नाही, म्हणून इथे खाजगी कामालाही परवाना लागतो.

अन्यत्र याच तर्काने संपूर्ण बांधकाम परवान्याखाली आणले गेले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९२९ मध्ये कंत्राटदारांसाठी परवान्याचा कायदा केला. तिथे सर्वसाधारण अभियांत्रिकी, सर्वसाधारण इमारत आणि विशेष कामे असे वर्ग आहेत. अर्जदाराला चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, बहुतेकांना परीक्षा द्यावी लागते आणि २५,००० डॉलरचे हमीपत्र ठेवावे लागते. सरकारी काम असो वा एखाद्याचे स्वयंपाकघर, परवाना लागतोच. अगदी किरकोळ कामे तेवढी वगळली आहेत.

यादीत येण्याचे जसे नियम, तसे यादीतून जाण्याचेही. निकृष्ट काम, खोटी प्रमाणपत्रे किंवा काम अर्धवट सोडणे यासाठी कंत्राटदाराचे नाव काळ्या यादीत जाते. ही शिक्षा धंदा बुडवणारी असते. म्हणून १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इरुशियन इक्विपमेंटच्या खटल्यात, बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणालाही काळ्या यादीत टाकता येणार नाही, असा निर्णय दिला. तो खटला बांधकामाचा नव्हता, तरी बांधकाम खात्यांनाही तोच दंडक लागू झाला. २०१४ मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की कारणे दाखवा नोटिशीतच ही कारवाई योजली आहे हे कंत्राटदाराला कळले पाहिजे.

भारतात उरलेली मोठी फट खाजगी घरबांधणीची आहे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्याने विकासकाला प्रकल्पाची नोंदणी सक्तीची केली आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांतल्या बांधकामदोषाची जबाबदारी त्याच्यावर टाकली. महापालिका आराखडा करणाऱ्या अभियंत्याला आणि पर्यवेक्षकाला परवाना देते. मात्र स्वतःच्या जागेवर घर बांधणारा माणूस ज्याच्या हाती आयुष्याची पुंजी देतो, त्या कंत्राटदाराचे नाव कोणत्याही यादीत असावे अशी सक्ती नाही. सरकार आपल्या पैशासाठी जे प्रश्न दीडशे वर्षे विचारत आले आहे, त्यांची उत्तरे या घरमालकालाही हक्काने मिळायला हवीत. नोंदणीच्या व्यवस्थेची पुढची पायरी तीच आहे.