उथळ पाण्यातील वाट : खांदेरी, १६७९

सन १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या मुखाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली. इंग्रजांनी ती रोखण्यास जहाजे पाठविली. तरीही बेटावर रसद पोहोचत राहिली. याचे श्रेय बहुधा धाडसास दिले जाते. धाडस होतेच, परंतु ते अपुरे कारण होय. मायनाक भंडाऱ्याच्या लोकांच्या होड्या उथळ तळाच्या व वल्ह्यांनी चालणाऱ्या होत्या. नागावच्या बाजूने किनारा धरून त्या रात्री निघत. तेथील उथळ पाण्यात ‘रिव्हेंज’सारख्या जहाजास शिरकाव नव्हता, आणि वारा पडला की ते जागीच खिळे.

हे ज्ञान ग्रंथांत नव्हे, दर्यावर्दींच्या शब्दांत साठविलेले होते. ‘उधाण’ आणि ‘भांग’ ही केवळ मोठ्या व लहान भरतीची नावे नव्हेत. कोणत्या तिथीस खडकावर किती पाणी असेल, याचा अंदाजही त्यांत येतो. जमिनीकडून वाहणारा वारा तो ‘मतलई’ : बेटाकडे जाताना अनुकूल, परतताना प्रतिकूल. हवा भरलेल्या आजच्या हलक्या रबरी होडीस तर हाच वारा विशेष घातक, कारण पाण्यावर तरंगणारी ती त्याच्यासरशी खोल समुद्राकडे लोटली जाते.

१६८० च्या आरंभी इंग्रजांनी समेट केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.