गढ, परगणा आणि भास्करपंत : छत्तीसगढचे मराठा एकीकरण व त्याची बहुभाषिक स्मृती

ज्या छत्तीस गढांवरून छत्तीसगढ हे नाव पडले असे परंपरा मानते, ते गढ म्हणजे केवळ किल्ले नव्हेत. गढ हा साधारणतः चौऱ्याऐंशी गावांचा घटक; त्याच्या पोटात बारा-बारा गावांचे तालुके, तालुक्यावर दाऊ आणि गावावर गौंटिया अशी उतरंड होती. शिवनाथ नदीच्या उत्तरेकडील अठरा गढ रतनपूरच्या हैहयवंशी राजाकडे आणि दक्षिणेकडील अठरा त्याच कुळाच्या रायपूर शाखेकडे होते. बूढा तालाब आणि महाराजबंध या जलाशयांच्या आश्रयाने उभी असलेली रायपूरची गढी हे या दुसऱ्या शाखेचे ठाणे. विसाव्या शतकात शहर शंकर नगरसारख्या वसाहतींपर्यंत पसरले आणि गढी ही राजकीय संस्था होती हे विस्मृतीत गेले. अठराव्या शतकाच्या मध्यास या विभागलेल्या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. मात्र त्याचे एकीकरण नेमके कोणी केले, तलवारीने की दप्तराने, हा प्रश्न मराठी इतिहासलेखनाने गांभीर्याने विचारलेला नाही.

१७४१ च्या सुमारास रघूजी भोसले कर्नाटकच्या मोहिमेत गुंतले असता त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, पूर्वेकडे निघाले. रतनपूरचा राजा रघुनाथसिंह वृद्ध होता आणि एकुलत्या एका पुत्राच्या मृत्यूने खचलेला होता. चिझम याने १८६८ च्या बिलासपूर बंदोबस्त अहवालात नोंदविलेल्या हकिकतीनुसार राजाने प्रतिकाराची हालचाल केलीच नाही; तोफांच्या माऱ्याने राजवाड्याचा एक भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून पांढरे निशाण दाखविले. नगरावर एक लक्ष रुपयांची खंडणी बसली आणि सैन्य पुढे सरकले. ज्याला ‘छत्तीसगढचा विजय’ म्हणतात, त्याचा लष्करी भाग एवढाच. रायपूरच्या अमरसिंहाला तर त्या वेळी कोणी हातही लावला नाही.

पुढचा क्रम संथ आणि काहीसा अनाकर्षक आहे. रतनपूरच्या गादीवर प्रथम भोसल्यांच्या मर्जीतला मोहनसिंह बसला. १७५० मध्ये अमरसिंहाची सत्ता गाजावाजा न करता काढून घेण्यात आली. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपुरास राहून १७८७ पर्यंत कारभार केला. रामटेकडीवरील त्यांचे राममंदिर आजही त्या वास्तव्याची साक्ष देते. अमरसिंहाचा पुत्र शिवराजसिंह याला बिंबाजींनी निर्वाहासाठी गाव दिले आणि रायपूर प्रांतातील दर गावामागे एक रुपया बांधून दिला. पराभूत राजवंशाचा हक्क अशा रीतीने जमाखर्चात एका ओळीपुरता उरला.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास अधिक अर्थपूर्ण वाटावी अशी गोष्ट म्हणजे या स्वाराची भाषांतरागणिक पालटत गेलेली प्रतिमा. गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या १७५१ च्या बंगाली काव्यात भास्कर हा कथेचा केंद्रबिंदू आहे. तेथे पापभाराने पिचलेल्या पृथ्वीच्या तक्रारीवरून शिव नंदीला शाहूच्या देही पाठवितो. म्हणजे आक्रमणाला प्रथम दैवी अनुज्ञा लाभते. पण बर्गी स्वारांनी ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रियांवर अत्याचार करताच देवीच त्याच्यावर उलटते आणि १७४४ मध्ये अलीवर्दीखानाच्या छावणीत त्याचा घात होतो. पौराणिक चौकटीत इतके ताजे, रक्तलांछित वर्तमान बसविणारी ही रचना मराठी वाचकाला अस्वस्थ करते, आणि तसे करणे हेच तिचे मोल आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर मात्र १८१८ नंतर, रेसिडेंट जेंकिन्स याच्या सांगण्यावरून लिहिली गेली. राज्य परहस्ते गेल्यावर त्या राज्याचा प्रताप नव्या स्वामीसाठी सांगणे, ही तिची अवघड जागा. रतनपूरच्या बाबू रेवाराम यांच्या हिंदी तवारिखेचा विषय हैहयवंश आहे. तेथे मराठे येतात ते एका दीर्घ वंशावळीच्या शेवटी.

याच्या शेजारी जपानचे उदाहरण ठेवले की भेद स्पष्ट होतो. ओदा नोबुनागाने १५६७ पासून सैन्यबळाने देश आवरण्याचा उद्घोष आपल्या मुद्रेवर धारण केला. त्याच्या पदरी राहिलेल्या ओता ग्यूइची याने त्याची बखर रचली, म्हणजे चरित्रकार आणि नायक एकाच भाषेचे, एकाच छावणीतले. १५८२ मध्ये नोबुनागाचा अंत झाल्यावर तोयोतोमी हिदेयोशीने १५९० पर्यंत देश एकछत्री आणला. परंतु त्याची खरी शस्त्रे जमीनमोजणी आणि १५८८ ची शेतकऱ्यांकडील हत्यारांची जप्ती ही होती. उत्पन्न भाताच्या ‘कोकू’ या मापात मोजले गेले आणि सरंजामदाराची प्रतिष्ठाही त्याच मापाने ठरू लागली. छत्तीसगढात नोबुनागा आणि हिदेयोशी यांच्यातील अंतर सुमारे पन्नास वर्षांचे आहे, आणि दुसऱ्याचे नाव कोणत्याही काव्यात नाही.

ते नाव विठ्ठल दिनकर. बिंबाजींच्या पश्चात सुरू झालेल्या सुभेदारीत हा दुसरा सुभेदार. १७९० च्या सुमारास त्याने गढ आणि तालुके यांची जुनी रचना मोडून मुलूख परगण्यांत बांधला. परगण्यावर कमाविसदार, त्याच्याजवळ फडनवीस आणि बरारपांडे, हिशेब मोडीत. दिवाण आणि दाऊ हे अधिकारी म्हणून संपले. गौंटिया तेवढा गावात टिकला, कारण त्याच्यावाचून वसूल होत नव्हता. जपानी मोजणी ज्यांच्यावर लादली गेली ते निदान तिची भाषा बोलत होते. येथे मात्र जमिनीची भाषा छत्तीसगढी आणि तिच्या हिशेबाची मराठी होती. ज्याला आपल्या शेताचा आकार वाचता येत नाही अशा शेतकऱ्याच्या दृष्टीने हे एकीकरण कसे दिसले असेल, याचा विचार केल्यावाचून ‘मराठी सत्तेचा विस्तार’ हा शब्दप्रयोग अपुरा राहतो. डोंगरी जमीनदाऱ्या तर या दप्तरातही पुरत्या शिरल्या नाहीत. त्या टाकोली भरून बाहेरच राहिल्या.

१८१८ मध्ये इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. परगणे त्याने रद्द केले नाहीत. त्यांची संख्या आणि सीमा बदलून तीच चौकट चालू ठेवली. दर गावामागचा तो एक रुपयाही हैहय घराण्याला आणखी काही वर्षे मिळत राहिला, आणि १८२२ मध्ये त्याच्याऐवजी माफीची गावे देऊन ते खाते बंद करण्यात आले.