घाट चढणारी सायकल

सायकलीवरून एकट्याने दूरदेशी जाण्याचा हव्यास त्या वाहनाइतकाच जुना आहे. किंबहुना त्या कामास योग्य असे वाहन निर्माण होण्यापूर्वीच तो पुरता जागृत झाला होता. थॉमस स्टीव्हन्स याने १८८४ च्या एप्रिलात कॅलिफोर्नियाचा किनारा सोडला आणि इराणचा मुलूख व पुढे लाहोर, दिल्ली, आग्रा, कलकत्ता अशा मजला मारीत १८८६ च्या डिसेंबरात तो योकोहामास पोहोचला. त्याच्या यंत्राचे पुढचे चाक ५० इंच व्यासाचे, आणि पायट्या थेट त्याच्या आसाला जडवलेल्या. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, हा हिशेब अटळ असल्यामुळे वेग हवा तर चाक मोठे करावे लागे, आणि असे चाक घाटात रेटणे कठीण. सबब चढ लागला की उतरून ढकलणे आले. सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, तंबू व अंथरूण या दोहोंचे काम करणारा रेनकोट, आणि एक पिस्तूल. साहस अलौकिक खरे, पण त्यात यंत्राचा वाटा थोडा आणि चिकाटीचा फार.

साखळी व सारखी चाके आल्यावर पडण्याची भीती उणावली, तरी घाट जिंकायचा राहिलाच. तो जिंकण्याचा ध्यास ज्याने जन्मभर घेतला तो पॉल द विव्ही, फ्रान्समधील सेंत-एतिएनचा रेशमाचा व्यापारी. बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी नामांकित असलेल्या या गावाबाहेर पडताच १,१६१ मीटर उंचीची रेपुब्लिक खिंड आडवी येते. तेव्हा चढाचा प्रश्न तेथे सुचावा, यात नवल नाही. १८८७ साली त्याने सायकलीस वाहिलेले नियतकालिक काढले, सायकलीचे दुकान थाटले, आणि १८८९ मध्ये ‘ला गोल्वाज’ नावाची स्वतःची सायकल घडवली. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिही. एका बाजूस लहानमोठी दोन दातेरी चाके बसवून साखळी हाताने उचलून एकावरून दुसऱ्यावर चढवावी, मग डाव्या बाजूसही तशीच जोडी लावून चार गती साधाव्यात, असे त्याचे प्रयोग चालत. हात काळे होत, पण चढावर पाय टेकावा लागत नसे.

शर्यतींच्या दरबारात मात्र या युक्तीस मज्जाव होता. ‘लोतो’ या वृत्तपत्राचे संपादक व टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांचा अभिप्राय असा की, गती बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. पुरुषार्थाची ही कल्पना मला कधीच पटलेली नाही. शर्यतीतल्या वीराची मजल संध्याकाळी संपते. एकट्या प्रवाशाला दुसऱ्या दिवशी तेच गुडघे पुन्हा वापरायचे असतात. वेलोसिओने प्रवाशांना घालून दिलेले नियमही याच धोरणाचे आहेत: भूक लागण्याआधी खावे, तहानेआधी प्यावे, आणि केवळ डौलासाठी पायट्या मारू नयेत.

सेंत-एतिएनच्या मंडळींनी १९२२ पासून त्याच खिंडीच्या चढावर वेलोसिओच्या सन्मानार्थ वार्षिक मेळा भरवण्याचा प्रघात पाडला. १९३० साली, हाती सायकल धरून पायी जात असता, ट्रामच्या धडकेने त्याचा अंत झाला.

त्याच्या मागे ही विद्या कारागिरांच्या हाती गेली. १९३४ पासून फ्रान्समध्ये यंत्रांच्या परीक्षा भरू लागल्या. त्यांत दिवे, मडगार्ड, कॅरियर यांसह सायकल डोंगरी रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर पिटाळीत, आणि मोडतोड आढळली की गुण कापीत. १९३६ च्या कायद्याने कामगारांना पगारी रजा मिळाली व गिऱ्हाईक वाढले. रने अर्झ, आलेक्स सँजे यांसारखे कारागीर स्वाराच्या मापाने सांगाडा बेतीत आणि कॅरियरच्या टेकण्या नंतर आवळण्याऐवजी आधीच सांगाड्याला झाळून टाकीत. अर्झ याने १९३८ मध्ये परीक्षेस आणलेली सर्व सरंजामासह सायकल आठ किलोंहूनही किंचित हलकी होती.

टूर द फ्रान्सने गती बदलण्यास मुभा दिली ती १९३७ साली. आजही दुकानदार शर्यतीच्या धाटणीची सायकल प्रथम पुढे करतो. लांबच्या प्रवासासाठी ती घेणाऱ्याने किमतीची घासाघीस करण्याआधी कॅरियर आणि मडगार्ड लावायला भोके आहेत की नाहीत, एवढे अवश्य पाहून घ्यावे.