विठाबाईंचा खेळ कुणी थांबवला?



धान कापून झालं की आपल्या पूर्व विदर्भात मंडई भरते, शंकरपट होतात आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. नटीचा पाय मुरगळला आहे की अंगात ताप आहे, हे समोर बसलेल्या आपल्याला कळत नाही. पडदा उघडला की खेळ पुरा करायचा, हा रंगभूमीचा जुना नियम आहे. या नियमाची किंमत कोण मोजतं, हे आज आपण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या आयुष्यातून पाहू.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापूंचा फड प्रसिद्ध होता. ज्या समाजातून त्या आल्या, त्याला गावात मान नव्हता. तमाशात नाचणाऱ्या बाईला तर त्याहून नव्हता. पण त्या बोर्डावर उभ्या राहिल्या की हजारो माणसं जागची हलत नसत. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव हे तमाशाचं मोठं ठिकाण. जत्रांच्या दिवसांआधी तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. सुपारी घेतली की खेळ झालाच पाहिजे. एक खेळ बुडाला तर ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे, सगळ्यांची चूल अडते.

विठाबाईंचे दिवस भरलेले होते, तरी त्या नाचत होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या. ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि आपण म्हणतो, “काय हिंमतीची बाई!”

पण या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग आपण क्वचितच सांगतो. समोरच्या लोकांनी पाहिलं की मघाचं पोट आता दिसत नाही. त्यांनी विचारपूस केली. काय घडलं ते समजल्यावर त्यांनी बाईंचं कौतुक केलं, पुढचा खेळ बंद करायला लावला आणि त्यांना आराम करा म्हणून सांगितलं. म्हणजे खेळ थांबवला तो प्रेक्षकांनी. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांनीच “आता पुरे, बाई” म्हटलं. विठाबाईंनी स्वतः तसं म्हणायची सोयच नव्हती.

असं दुखणं अंगावर काढणाऱ्या कलावंत बाया जगभर झाल्या. फ्रान्सच्या प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट १९०५ साली ब्राझीलमध्ये नाटक करत होत्या. शेवटच्या प्रवेशात तटावरून उडी मारताना त्यांचा उजवा गुडघा जबर दुखावला. ते दुखणं वाढत गेलं आणि १९१५ साली पाय कापावा लागला. त्यानंतरही त्या बसून भूमिका करत राहिल्या, पहिल्या महायुद्धात सैनिकांसमोरही गेल्या. पण त्यांच्याकडे नाव होतं, पॅरिसमध्ये स्वतःचं नाट्यगृह होतं. बसून करता येईल असं नाटक त्या निवडू शकत होत्या. ज्या बाईचं पोट नाचण्यावरच आहे, तिने काय निवडायचं?

विठाबाईंनाही मान मिळाला. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी शेवटची वर्षं हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भरावं लागलं. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. टाळ्या आणि पुरस्कार मिळाले, पण आजारपणात हाताशी पैसा नव्हता.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या गटांतल्या कितीतरी बाया बाळंतपणानंतर महिनाही न होता निंदणाला गेल्या आहेत. हाताला विळा लागला तर चिंधी बांधून कापूस वेचणं चालूच. रोजी बुडाली तर हप्ता कसा भरायचा? आणि आपणच एकमेकींना शाबासकी देतो, “ही बाई कधी बसत नाही हो!” अशा शाबासकीने दुखणं बरं होत नाही.

म्हणून आम्ही एक हिशेब मांडतो. बारा जणींच्या गटात प्रत्येकीने बचतीशिवाय महिन्याला २० रुपये वेगळे ठेवले, तर वर्षाला २,८८० रुपये जमतात. हा पैसा कर्ज म्हणून द्यायचा नाही. बाळंतीण किंवा जखमी सखीला घरी बसता यावं, तिचा एखादा हप्ता निघावा, यासाठीच तो ठेवायचा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. गटात कुणाला दिवस गेले असतील, तर अंगणवाडी ताईंकडे तिचा अर्ज भरला की नाही, हे सगळ्या मिळून पाहा.

विठाबाईंची गोष्ट लेकीसुनांना जरूर सांगा, पण पुरी सांगा. बाईने दगडाने नाळ तोडली, तेही सांगा, आणि समोरच्यांनी तिला “बस आता” म्हटलं, तेही सांगा. येत्या बैठकीत वहीत या निधीचं एक वेगळं पान उघडा.