लोकांनी निवडलेला कप्तान

१४. 'लोकांनी निवडलेला कप्तान' : उल्लेख जॉन स्कॉटचा आहे. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या, २०१६ सालच्या ऑल-स्टार सामन्यांसाठी चारही विभागांचे कप्तान चाहत्यांच्या मतांनी ठरले. अ‍ॅरिझोना कायोटीजचा स्कॉट हा धिप्पाड गडी. मैदानावरच्या हाणामाऱ्यांसाठीच तो प्रसिद्ध, अख्ख्या कारकिर्दीत गोल अवघे ५. थट्टेतून सुरू झालेल्या मोहिमेने त्याला पॅसिफिक विभागाचा कप्तान केले. सामन्याला पंधरवडा उरला असताना त्याची माँट्रियल संघाकडे बदली झाली आणि लगोलग त्याला दुय्यम लीगमध्ये धाडण्यात आले. चाहते खवळले, अखेर लीगने त्याला खेळू दिले. ३१ जानेवारीला नॅशव्हिलमध्ये त्याने २ गोल केले. सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेतले. सर्वोत्तम खेळाडूसाठी सुचवलेल्या तिघांत त्याचे नाव नव्हते, तरी चाहत्यांनी ते आपणहून लिहून त्यालाच निवडले. लेखक याला पोरखेळ म्हणतात. मला ते मान्य नाही. थट्टेने दिलेल्या मतांचे त्या रात्री प्रेमात रूपांतर झाले होते. (संपा.)